शुक्रवारचं मडकं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी मालवणाकडची, आणि आमच्याकडच्या माणसाने तोंड उघडलं की लोक भुताची गोष्ट ऐकायला सरसावून बसतात. मी सांगणार आहे ती बेलामायची गोष्ट. तिच्यात जे विचित्र आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, आणि त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. ज्याला होईल त्याने खुशाल येऊन सांगावा, मी चहा पाजीन.

लग्न करून मी मरोळ गावठाणात आले तेव्हा साठ साल उजाडायचं होतं. आमचे हे, सहदेव, तिथल्या एका रेशमाच्या कारखान्यात मागावर होते. बेलामायच्या घराची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. कणकवलीहून सासूबाईंचा निरोप आला, "किरिस्तावाच्या घरात रवतलंस, मग पाणी खंयचा पितलंस?" पाणी बेलामायच्या विहिरीचंच होतं. पुढे कालवणही तिच्याच चुलीवरचं खाऊ लागले, पण ते मी कणकवलीला कळवलं नाही. जे विचारलं नाही ते सांगू नये, एवढी अक्कल मला माहेरहून मिळालेली होती.

बेलामाय उंच, हाडकुळी, लाल चौकटीचं लुगडं नेसणारी. तोंडात एकही दात नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू आणि बोटं संधिवाताने वाकडी. पण जीभ मात्र शाबूत होती, आणि ती दिवसभर कामाला असे. मी सामान लावत होते तेव्हा दारात येऊन म्हणाली, "नवरा-बायको भांडा, मना काय नाय. पण माझ्या कोंबडीला दगड मारलास तर घराबाहेर." मला ती त्याच क्षणी आवडली.

घरात तिचा एकुलता एक मुलगा बेनेडिक्ट आणि सून कॉन्सेप्टा. बेनेडिक्ट आरे कॉलनीत म्हशींच्या युनिटवर होता, सायकलने जाई. कॉन्सेप्टा अंधेरीला औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. सकाळी अंधारात जाणार, संध्याकाळी अंधारात येणार. बेलामायच्या हातात चूल द्यायची सोय नव्हती. एकदा तिने दुधाचं समजून रॉकेलचं भांडं विस्तवावर ठेवलं होतं आणि वर मलाच विचारलं होतं, "दूध नासलंय काय गं, वास येते?" तेव्हापासून घरात नियम झाला की आठवड्याचं जेवण रविवारी करून ठेवायचं. बेलामायने फक्त त्या त्या वाराचं मडकं उघडायचं.

फ्रीज आम्ही फक्त सिनेमात पाहिला होता. तरी त्या घरातलं रविवारचं कोंबडीचं कालवण शनिवारी खाल्लं तरी चांगलं लागायचं, आणि त्यामागे बेलामायची युक्ती होती. चर्चमधला पहिला मिस्सा झाला की अंगणातल्या कोंबड्या कापायच्या. कॉन्सेप्टा चुलीपुढे, आणि बेलामाय पाटावर बसून काठीने जमीन ठोकत हुकूम सोडणार. ज्या भाजीला पाणी सुटतं ती आठवड्याच्या सुरुवातीला: सोमवारच्या कोंबडीत दुधी, मंगळवारच्या कोंबडीत कोहळा. पुढे कच्ची पपई, मग बटाटा. मे महिन्यात कांडून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला मसाला सगळ्यांना सारखाच, पण ताडीचा शिरका मात्र वाराप्रमाणे वाढत जाणारा. "जितका वार लांब तितका शिरका जास्त," असं ती म्हणे. शनिवारचं मडकं सगळ्यांत काळं आणि आंबट, वर बोटभर तेलाचा थर. मडक्यांच्या तोंडांना कापड बांधायचं आणि मागच्या कोठीच्या खोलीत ओल्या रेतीवर ओळीने मांडायची. त्या खोलीला खिडकी नव्हती, भिंती दोन हात जाड होत्या. भर मे महिन्यातही आत गेलं की अंगावर काटा यायचा.

या ओळीत शुक्रवारचं मडकं वेगळं होतं. त्यात कोंबडी नसे. वांगी, सुरण आणि वाल, शिरक्यात शिजवलेले. त्याचं कापड निळ्या दोऱ्याने बांधायचं, म्हणजे गफलत नको. तेव्हा शुक्रवारी मांस खाणं त्यांच्यात पापच होतं, पण या घरात त्याहूनही मोठी गोष्ट होती. बेनेडिक्ट लहानपणी तापाने जायला टेकला होता. तेव्हा बेलामाय अनवाणी वांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चला गेली आणि नवस बोलली, पोरगा जगला तर जन्मभर शुक्रवारी मांसाला शिवणार नाही. पोरगा जगला. नवस आईने केला होता, पण तो त्याच्या अंगातच उतरला. एकदा शाळेतल्या पोरांनी मस्करीत शुक्रवारी त्याच्या भाकरीत मटणाचा तुकडा घातला, तर हा दिवसभर ओकत राहिला. त्याला माहीत नव्हतं, तरी ओकला. हे मला बेलामायने इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या ओकारीची मला शिसारीही येईनाशी झाली.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी बेनेडिक्ट कामावरून परत आला नाही.

युनिटवरून तो वेळेवर निघाला होता. सायकल सापडली पवईच्या तलावाकाठी, झाडाला नीट टेकून ठेवलेली. मरोळला यायचं तर तिकडे जायचं काही कारणच नव्हतं. हँडलला डबा होता, रिकामा, धुतलेला. तलावापलीकडे कसल्याशा मोठ्या कॉलेजाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या एका मजुराने सांगितलं की खाकी शर्टातला माणूस काठावर बसून डबा धुताना मी पाहिला. पुढे काय झालं ते त्याने पाहिलं नव्हतं. गळ टाकले, होड्या फिरवल्या. कोणी मगर म्हणालं, कोणी आरेच्या रानातला वाघ म्हणालं. कोणी म्हणालं बोटीवर चढून पळाला, पण बोटीवर पळणारा माणूस डबा कशाला धुवील? प्रेत मिळालं नाही, चप्पल मिळाली नाही, काहीच मिळालं नाही.

कॉन्सेप्टा तेव्हा पंचविशीचीही नसेल. मूलबाळ नव्हतं. ती आठवडाभर घरात बसली आणि मग पुन्हा कामावर जाऊ लागली. बेलामाय रडली नाही. पहिल्याच रविवारी तिने काठी ठोकली आणि म्हणाली, "त्याचा वाटा काढायचा. रोजच्या मडक्यात तिघांचं हवं."

"माय, खाणार कोण?" कॉन्सेप्टाने विचारलं.

"जिवंत माणूस उपाशी असला की त्याचा जीव घरी येते जेवाला. कुठंतरी पडला असेल तो. इथं नाय ठेवलं तर मरेल."

कॉन्सेप्टाने माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे पाहिलं. म्हातारीशी वाद कोण घालणार? त्या दिवसापासून सहा मडकी तिघांची होऊ लागली. उरलेला वाटा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यायचा. खोटं कशाला बोलू, आम्ही तो मिटक्या मारत खायचो.

काही महिने असे गेले आणि मग आमच्याकडे वाटा येईनासा झाला. मला वाटलं, म्हातारी शहाणी झाली. पण एका संध्याकाळी कॉन्सेप्टा माझ्या दारात आली. तिच्या हातात मडकं होतं आणि तोंडावर रंग नव्हता. "रत्ना, हे आत्ता उघडलं मी," ती म्हणाली. "गाठ मीच रविवारी मारलेली. बघ."

मडक्यात तिसरा वाटा नव्हता. त्या जागी, एका कडेला, हाडं होती. चाटूनपुसून स्वच्छ केलेली, नळ्यांची टोकं दातांनी फोडून आतला मगज ओढलेला. ती नीट एकावर एक रचून ठेवली होती.

"असा तोच ठेवायचा," कॉन्सेप्टा म्हणाली. "ताटात हाडं अशीच."

मी पहिला संशय मांजरावर घेतला. पण मांजर गाठ सोडून, हाडं रचून, पुन्हा गाठ मारत नाही. दुसरा संशय बेलामायवर. पण तिच्या हिरड्यांनी भाकरीसुद्धा भिजवल्याशिवाय तुटत नव्हती, ती नळी काय फोडणार? मग माझ्या मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं: कॉन्सेप्टाच खात असेल. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. म्हणून तिला न सांगता मी बेलामायकडून कोठीची किल्ली मागून घेतली. सोमवारी सकाळी कॉन्सेप्टा गेल्यावर स्वतः आत जाऊन सगळी मडकी पाहिली. भरलेली होती, तेल वर आलेलं. सोमवारचं मडकं तेवढं जेवणासाठी बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली चोळीत ठेवली आणि ओट्यावर डोळे मिटून बसलेल्या बेलामायजवळ तांदूळ निवडत बसले.

दुपारची वेळ होती. गावठाणात सामसूम होती, ऊन अंगणात पांढरं पडलं होतं. कोंबड्या पेरूच्या झाडाखाली मातीत बसल्या होत्या. आणि एकदम त्या सगळ्या उठल्या. ओरडल्या नाहीत, पळाल्या नाहीत. नुसत्या उठून घराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी हात थांबवला. घराच्या आतून, कोठीच्या बाजूने, आवाज आला. कट्ट. थोडं थांबून पुन्हा, कट्ट. नळी दाढेखाली फुटते तेव्हा होतो तो आवाज. आमच्या घरात रविवारी तो चौघे जण करतात, तो मला न ओळखायला काय झालं?

मी उठायला गेले. बेलामायने डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या मांडीवर हात ठेवला. "बस गं," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "जेवू दे त्याला."

आवाज थांबला. कोंबड्या एकेक करून पुन्हा मातीत बसल्या. बऱ्याच वेळाने मी कुलूप काढलं. कुलूप तसंच होतं, गाठी तशाच होत्या. मंगळवारच्या मडक्यात हाडं रचून ठेवलेली होती. खोलीत शिरक्याचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, ओला, शेवाळाचा. तो वास मला नुसता वाटला असंही असेल. मी त्या रात्री ह्यांना म्हटलं, आपण खोली बदलू. हे म्हणाले, "तुका कोण खाता? कोंबडी खाता मा?" झालं, विषय संपला. पुरुषांना अशा वेळी विनोद सुचतात.

हे असं वर्षभर चाललं. माणूस कशालाही सरावतो. कॉन्सेप्टा हाडं काढायची, मडकं घासायची आणि कामावर जायची. तिच्या तोंडावर आता हसू नव्हतं आणि रडूही नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

मग इग्नेशियस आला. तिच्या कारखान्यात फिटर होता, अंधेरीजवळच्या आंबोलीचा. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. बोलायला थोडा अडखळायचा. एकदा तिला ताप भरला तेव्हा घरी सोडायला आला आणि जाताना विहिरीचा कुरकुरणारा रहाट दुरुस्त करून गेला, कोणी न सांगता. नंतर अधूनमधून येऊ लागला. बेलामाय त्याला चहा द्यायला लावायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. मी दोघांना एकदा ओट्यावर बोलताना पाहिलं. कॉन्सेप्टा हसत होती. तो आवाज मी विसरूनच गेले होते, मला आधी कळेचना की हसतंय कोण.

लग्नाला अडचण उघड होती. नवरा मेला हे ठरल्याशिवाय बाईचं दुसरं लग्न चर्चमध्ये लागत नाही. फादरने सांगितलं, "प्रेत नाही, साक्षीदार नाही. निदान त्याच्या आईने तरी माझ्यापुढे येऊन सांगावं की माझा मुलगा गेला, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणा. मग मी वर बिशपांना लिहितो." आणि आई तर रोज त्याचं ताट वाढत होती. इकडे इग्नेशियसच्या घरचे थांबायला तयार नव्हते. त्यांनी मनोरीची एक मुलगी पाहून ठेवली होती, आणि चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आत लग्न उरकायचं म्हणत होते. तो म्हणाला मी थांबतो. पण थांबून तरी किती थांबणार? कॉन्सेप्टाला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ओट्यावर डोळे मिटून बसणाऱ्या बेलामायलाही माहीत होतं.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मला कॉन्सेप्टाचा आवाज आला. ती कधी आवाज चढवायची नाही. मी गेले. ती बेलामायच्या पायाशी बसली होती.

"माय, मी तुला टाकून जात नाय. तो इथंच येऊन राहील म्हणतो. पण मी कोण ते तरी मला सांग. मी रांड हाय की सवाशीण हाय? वर्षभर मी हाडं धुते."

बेलामायने काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाली, "येत्या शुक्रवारी बघू."

"काय बघू?"

"दोन मडकी ठेवू त्याच्या नावाची. एकात कोंबडी, एकात भाजी. दोन्हींना सारखाच दोरा. तो जिवंत असेल तर भाजी खाईल. माझा नवस हाय त्याच्या अंगावर, जीव कुठं पण असला तरी तो मांसाला नाय शिवणार." तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. "आणि कोंबडी खाल्ली तर समजायचं, तो जिवंत माणसाचा जीव नाय. मेल्याला कुठला शुक्रवार?"

मला हा प्रकार आवडला नाही. पण कॉन्सेप्टाने मान हलवली. फादरला हे सांगायचं नाही असं तिघींत ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी कॉन्सेप्टाने दोन लहान मडकी भरली. एकात कोंबडी आणि बटाटा, दुसऱ्यात वांगी, सुरण, वाल. शिवाय घरच्यांसाठी शुक्रवारचं नेहमीचं भाजीचं मडकं होतंच. कोठीला कुलूप लागलं आणि किल्ली बेलामायच्या कमरेला गेली. तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता, म्हणून सकाळी कॉन्सेप्टा मिस्साला गेली. बेलामाय म्हणाली, माझे गुडघे धरलेत, मी घरीच प्रार्थना करते. मी विहिरीवर धुणं धूत होते आणि माझं सगळं लक्ष त्या घराकडे होतं. कोंबड्या दाणे टिपत होत्या. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

कॉन्सेप्टा परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर अजून चर्चमध्ये घ्यायची पांढरी जाळी होती. तिघी आत गेलो. गाठी तशाच दिसत होत्या. तिने पहिली सोडली: भाजी, काठोकाठ भरलेली. दुसरं मडकं तिने माझ्याकडे सरकवलं, ते मी सोडलं. आत रस्सा होता थोडा, बटाट्याच्या दोन फोडी, आणि कडेला हाडं.

कॉन्सेप्टा खाली बसली. ती आनंदाने रडत होती की दुःखाने ते तिलाही माहीत नसेल. बेलामायने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गेला तो. उद्या फादरकडे जाऊ."

मी मात्र हाडांकडे बघत होते. ती अख्खी होती. एकही नळी फोडलेली नव्हती, नुसतं मांस ओरबाडून काढलेलं होतं. आणि बेलामायचा हात माझ्या तोंडासमोरून गेला तेव्हा त्याच्या वाकड्या बोटांना ताज्या शिरक्याचा वास येत होता. मला जे समजायचं ते समजलं. सुनेचा संसार व्हावा म्हणून म्हातारीने शुक्रवारी कोंबडी खाल्ली होती. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी गप्प राहिले आणि धुणं वाळत घालायला गेले.

मिस्सा झाला. शवपेटीच्या जागी काळं कापड अंथरून चार मेणबत्त्या लावल्या. वर लिहिलेल्याचं उत्तर आलं आणि उपास लागायच्या आत कॉन्सेप्टाचं लग्न लागलं. इग्नेशियस खरंच मरोळला राहायला आला. त्या मिस्सानंतर मडक्यांना कोणी हात लावला नाही. तिसरा वाटा पहिले काही रविवार सवयीने निघत राहिला, तो जसाच्या तसा उरायचा. मग बंद झाला. मी मनाशी म्हटलं, काय असेल ते असो, शांत झालं. पुढे त्यांना मुलगी झाली, बेटी. इग्नेशियसने कुठूनतरी जुना फ्रीज आणून दुरुस्त केला आणि मडक्यांच्या जागी डबे आले. रविवारचा स्वयंपाक मात्र तसाच चालू राहिला.

त्र्याहत्तर साल असेल. मरोळभोवती कारखान्यांच्या शेड उठल्या होत्या, आरेच्या रस्त्याने बसगाड्या धावत होत्या. बेलामाय खाटेवर होती आणि आता उठणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. कॉन्सेप्टा बेटीला घेऊन बाजारात गेली होती आणि मी म्हातारीजवळ बसले होते.

"रत्ना," ती म्हणाली, "आता शुक्रवारी मटण चालते म्हणतात ना?"

"चालतं म्हणे. तुमचे फादरच सांगतात."

"मग माझं पाप गेलं काय?"

"गेलंच असणार," मी म्हटलं. "आणि पाप कसलं त्यात? पोरीचं घर उभं केलंत."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दिसत तर काही नव्हतं तिला. "तुना माहीत होतं?"

"हाडं अख्खी होती, माय. तुम्हाला दात कुठले?"

ती हसली, बिनदाताचं सगळं तोंड उघडून. मग हसू हळूहळू गेलं. "तू आमच्यातली नाय, म्हणून सांगते," ती म्हणाली. "फादरला पण नाय सांगितलं. पाप कबूल केलं असतं तर तो म्हणाला असता, जा, खरं सांग सुनेला. म्हणून मी तेव्हापासून कबुलीला बसले नाय, की प्रभूभोजन घेतलं नाय."

आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांना दोष दिला होता. दर रविवारी ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून राहायची आणि लोक म्हणायचे, बिचारीला पुढे चालवत नाही.

"ती मिस्साला गेली ना, तेव्हा मी कुलूप काढलं," बेलामाय म्हणाली. "आधी कोंबडीचं मडकं चाचपलं. गळ्यापर्यंत भरलेलं. कोणी शिवलेलं नाय. मग भाजीचं उघडलं."

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"अर्धं होतं. वांगी खाल्लेली, वाल खाल्लेले. सुरण तेवढा ठेवलेला, कडेला, नीट रचून. लहान होता तेव्हापासून सुरण नाय खात तो. घसा खाजते म्हणतो." तिने श्वास घेतला. "मी तिथंच रेतीत बसले. हसले पण असेन. माझा पोरगा जिवंत होता गं."

बाहेर विमान गेलं, घर थरथरलं. ते जाईपर्यंत ती थांबली.

"मग तिचा विचार आला. माझ्याजवळ बसून ती म्हातारी झाली असती. म्हणून घरच्या मडक्यातली भाजी काढून त्याचं मडकं भरलं. आणि कोंबडी मी खाल्ली. पहिला घास उतरत नव्हता. मुकाट्याने गिळला. मग फादरसमोर जाऊन सांगितलं, माझा पोरगा मेला, मिस्सा म्हणा."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला दिसत नव्हतं याचं मला बरं वाटलं. मला म्हणायचं होतं, की माय, असं काही नसतं, तो तलावात बुडाला त्याच दिवशी गेला, मिस्साने त्याला शांती मिळाली म्हणून तो यायचा थांबला. पण ती अख्खी दुपार मला आठवत होती, आणि कोठीतला तो आवाज. कशाच्या जोरावर म्हणणार?

"तेव्हापासून आला नाय," बेलामाय म्हणाली. "आईनेच मेला म्हटल्यावर कसा येईल?"

"असेल कुठेतरी," मी म्हटलं. "जेवतही असेल. उपाशी माणसाला कोणी ना कोणी वाढतंच, माय."

"वाढतील गं," ती म्हणाली. "पण शुक्रवारी त्याला भाजी कोण ठेवील?"